मुक्त संचालन-प्रणालीतील कूटलेखन : ऐच्छिकाकडून अनुक्ताकडे

संगणकाच्या व्यवहारात 'डिफॉल्ट' हा शब्द आज इतका रुळला आहे की, तो मुळात न्यायालयातून व कर्जव्यवहारातून आला याची आठवण फारशी कोणास राहिलेली नाही. प्रतिवादी नेमल्या तारखेस हजर राहिला नाही म्हणजे त्याच्या विरुद्ध जो एकतर्फी निकाल होतो, तो इंग्रजी कायद्यात याच शब्दाने सांगितला जातो. आणि आपल्या पतपेढ्या ज्यांस 'थकबाकीदार' म्हणतात ते इंग्रजीत 'डिफॉल्टर' होत. दोन्ही ठिकाणी मूळ अर्थ एकच आहे : उणीव, गैरहजेरी, करावयाचे ते न करणे. संगणकशास्त्राने हा शब्द उचलला तेव्हा त्यातील दोषाची छटा गळाली आणि गैरहजेरी तेवढी शिल्लक राहिली. वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर यंत्राने काय धरून चालावे, याचे उत्तर म्हणजे डिफॉल्ट. यास मराठीत 'पूर्वनिर्धारित' असा प्रतिशब्द सुचविलेला आढळतो. पण त्यात निर्धार करणारा दिसतो, न बोलणारा दिसत नाही. प्रस्तुत लेखात म्हणून 'अनुक्त' हा शब्द योजिला आहे. जे सांगितलेले नाही, तरी धरलेले आहे, ते अनुक्त.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही कल्पना नवी वाटू नये. त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी प्राग संप्रदायात चिन्हित आणि अचिन्हित असा जो भेद रूढ केला, तो याच जातीचा आहे. मराठीत 'कुत्री' म्हटले की मादीच समजावी लागते. 'कुत्रा' म्हटल्याने मात्र नर समजतो, तसाच लिंगाचा विचार न करता तो प्राणीही समजतो. जे रूप अचिन्हित असते ते वापरल्याने बोलणाऱ्याविषयी काही उघड होत नाही. चिन्हित रूप वापरले की ऐकणारा 'असे का?' म्हणून विचारतो. कूटलेखनाच्या, म्हणजे ज्यास सामान्यतः एन्क्रिप्शन म्हणतात त्याच्या, गेल्या तीसएक वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता त्यातील एक गोष्ट स्पष्ट दिसू लागते. या इतिहासाची कसोटी चांगली कूटपद्धती सापडण्यात नव्हती. त्या बऱ्याच आधी सापडल्या होत्या. कूटलेखन ही चिन्हित कृती न राहता अचिन्हित स्थिती कशी व्हावी, हा खरा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर गणितापेक्षा कायदा, यंत्राची किंमत आणि माणसाची स्मरणशक्ती यांवर अधिक अवलंबून होते.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी दोन-तीन संज्ञांचा खुलासा अवश्य आहे. संचालन-प्रणालीचा गाभा, ज्यास 'कर्नेल' म्हणतात (मराठीत 'कर्नल' हा सैन्यातील अधिकारी असल्याने एका मात्रेची सावधगिरी बाळगलेली बरी), तो यंत्राची स्मृती, तबकडी आणि प्रक्रियक यांची वाटणी करणारा कार्यक्रम होय. इतर सर्व कार्यक्रमांस या गाभ्याच्या द्वारानेच तबकडीवर लिहिता-वाचता येते. यामुळे कूटलेखन करावयाचे तर दोन जागा संभवतात. एक, प्रत्येक कार्यक्रमाने आपापला मजकूर स्वतः गुप्त करावा. दुसरी, गाभ्यानेच तबकडीवर जाणारी प्रत्येक ओळ जाता जाता गुप्त करावी आणि परत येताना उलगडावी. पहिल्या मार्गात प्रत्येकास शहाणे व्हावे लागते. दुसऱ्या मार्गात एकानेच शहाणे झाल्याने भागते. अनुक्ताचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो दुसऱ्या मार्गात.

दुसरा खुलासा किल्लीविषयी. कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये, गुप्त राहावयाची ती केवळ किल्ली, हा आधुनिक कूटशास्त्राचा पाया १८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स याने फ्रेंच लष्करी नियतकालिकातील आपल्या लेखात घातला. केर्कहॉफ्स हा व्यवसायाने भाषांचा अध्यापक होता आणि पुढे व्होलाप्यूक या कृत्रिम भाषेचा मोठा पुरस्कर्ता झाला, ही गोष्ट आमच्या विभागातील मंडळींस सुखावणारी आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत व तिच्यासारख्या इतर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले आणि शतकानुशतके ते पंथाबाहेरच्या वाचकास बंद राहिले. तेथे पद्धती हीच किल्ली होती, म्हणून वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा एका पोथीबरोबर त्या लिपीतील साऱ्याच पोथ्यांचे दार उघडले. आणखी एक गोष्ट त्या उदाहरणात ध्यानात घेण्यासारखी आहे. पंथाच्या आत ती लिपी ही नित्याची रीत होती, अचिन्हित होती. बाहेरच्याच्या दृष्टीने मात्र ती पोथी पाहताच 'येथे काही लपविले आहे' असे सांगत होती. मजकूर कळत नव्हता, पण गुप्तता कळत होती. ही अडचण विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर जशीच्या तशी उभी राहिली.

आता मूळ इतिहासाकडे वळू. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या कायद्याने बलवान कूटलेखनाचा प्रोग्राम हा युद्धसाहित्यात गणला होता. परवान्याशिवाय तो देशाबाहेर पाठविणे म्हणजे तोफगोळे पाठविण्यासारखेच होते. या नियमाचे स्वरूप फिलिप कार्न यांच्या प्रकरणात जितके उघडे पडले तितके क्वचितच कोठे पडले असेल. ब्रूस श्नायर यांचा 'अप्लाइड क्रिप्टोग्राफी' हा ग्रंथ निर्यात करता येईल काय, असे कार्न यांनी सरकारास विचारले. १९९४ मध्ये उत्तर आले की, छापील ग्रंथ आमच्या अधिकारकक्षेत येत नाही. मग त्याच ग्रंथात छापलेले प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. आता उत्तर आले की, ही फ्लॉपी युद्धसाहित्य आहे. अक्षरे तीच, क्रम तोच, अर्थ तोच. पालटले ते केवळ माध्यम. लेखन आणि भाषा यांच्या संबंधाविषयी इतकी विलक्षण उपपत्ती कोणा सरकारी कचेरीने क्वचितच मांडली असेल! डॅनियल बर्नस्टाइन या बर्कली येथील विद्यार्थ्याने १९९५ मध्ये भरलेल्या दाव्यात प्रोग्रामचे लेखन हेही भाषणच होय, असा मुद्दा उपस्थित केला; मे १९९९ मध्ये अपील न्यायालयाच्या पीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो निकाल पुनर्विचारासाठी बाजूस ठेवण्यात आला खरा, पण पुढील सुनावणी होण्यापूर्वीच, जानेवारी २००० मध्ये, सरकारने नियम पुष्कळ सैल केले आणि उघड प्रसिद्ध केलेल्या मूळ लेखनास केवळ सूचना देऊन मोकळीक मिळाली.

या कायद्याचा मुक्तस्रोत प्रणालींवर, म्हणजे ज्यांचे मूळ लेखन कोणासही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुले असते अशा प्रणालींवर, झालेला परिणाम चमत्कारिक होता. ज्या वस्तूचे सारे सामर्थ्य जगभर मोकळेपणाने फिरण्यात, तिच्यातून एक अवयव काढून वेगळा ठेवावा लागला. डेबियन या लिनक्स-वितरणाने असे प्रोग्राम अमेरिकेबाहेरच्या यंत्रांवर निराळ्या भांडारात ठेविले, आणि ही व्यवस्था २००२ पर्यंत चालली. लिनक्सच्या गाभ्यासाठी कूटलेखनाची पुरवणी परदेशात निराळी राखली जात होती. ज्यास हवी त्याने ती शोधून आणावी व आपल्या गाभ्यात स्वहस्ते मिसळावी. अशा स्थितीत अनुक्ताचा प्रश्नच उद्भवत नाही. जी वस्तू मुळात पेटीत नाही ती न सांगता चालू कशी असणार?

ओपनबीएसडी ही प्रणाली येथेच निराळी ठरली. थिओ डी राट यांनी नेटबीएसडीपासून फुटून १९९५ च्या ऑक्टोबरात ती सुरू केली. आणि तिचे ठिकाण कॅनडातील कॅलगरी हे होते. कॅनडाच्या कायद्यात मुक्त प्रसारित कूटलेखनास असा अडसर नव्हता. जून १९९९ मध्ये दहा प्रोग्रामर कॅलगरी येथे जमले आणि त्यांनी कूटलेखनाचे काम तेथेच, अमेरिकन कायद्याच्या हद्दीबाहेर, केले. या मेळाव्यास त्यांनी 'हॅकेथॉन' असे नाव दिले. आज महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर जो शब्द वारंवार दिसतो, त्याचे जन्मस्थान सामान्यतः हेच मानले जाते. निर्यातबंदीतून निघालेला शब्द बक्षीससमारंभात येऊन स्थिरावला, हे शब्दार्थाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखे आहे.

ओपनबीएसडीच्या मंडळींचे ब्रीद होते 'अनुक्तस्थितीत सुरक्षित'. त्यांच्या मुखपृष्ठावर वर्षानुवर्षे झळकणारे विधानही, मूळ स्थापनेत दुरून शिरता येईल अशी किती छिद्रे आजवर सापडली, याविषयीचे आहे. जून २००२ पर्यंत तो आकडा शून्य होता, मग एक झाला आणि २००७ मध्ये दोन. येथे 'मूळ स्थापनेत' या शब्दांना महत्त्व आहे. टीकाकारांनी म्हटले की, जवळजवळ सर्व सेवा बंद ठेवून सुरक्षिततेची प्रौढी मिरविण्यात काय पुरुषार्थ? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु या मंडळींनी ओळखलेले सत्य असे होते की, बहुतेक माणसे यंत्र जसे हाती येते तसेच वापरतात. म्हणून यंत्राच्या नीतीचा विचार करावयाचा तर तो या न बदललेल्या स्थितीचाच करावा लागतो.

गाभ्यातील कूटलेखन अनुक्त करण्याचा पहिला नमुनेदार प्रयत्न याच प्रणालीत झाला. आणि तो जेथे झाला ती जागा सामान्य वापरणाऱ्याच्या कल्पनेतही येणार नाही अशी होती. संगणकाची स्मृती अपुरी पडली की गाभा काही पाने तबकडीवरील एका राखीव भागात नेऊन टाकतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. या भागास 'स्वॅप' म्हणतात. आता असे समजा की, एखाद्याने आपले पत्र कूटबद्ध करून ठेविले आहे. ते वाचण्यासाठी तो परवलीचा शब्द टंकतो. तो शब्द व उलगडलेले पत्र काही क्षण स्मृतीत असते. नेमके तेव्हाच गाभा ते पान उचलून तबकडीवर ठेवतो. पत्र मिटले, कार्यक्रम बंद झाला, यंत्र विझविले. पण तबकडीवरील ती प्रत तशीच राहिली, आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, कदाचित कित्येक महिने, राहील. घराला भक्कम कुलूप लावून किल्लीचा ठसा उंबऱ्यावर सोडून जाण्यासारखेच हे झाले. वापरणाऱ्याने कोणतीही चूक केलेली नसते. कार्यक्रम लिहिणारासही फारसे काही करता येत नाही, कारण कोणते पान केव्हा बाहेर जाईल हे त्याच्या हाती नसते.

नील्स प्रोव्होस यांनी ऑगस्ट २००० मध्ये डेन्व्हर येथील युझनिक्स सुरक्षा-परिसंवादात वाचलेल्या निबंधात याचा उपाय मांडला. स्वॅपचा भाग ५१२ किलोबाइटांच्या खंडांत विभागावा. प्रत्येक खंड प्रथम वापरात येताच त्याच्यासाठी १२८ बिटांची एक यादृच्छिक किल्ली निर्माण करावी. त्या खंडात किती पाने आहेत याची मोजदाद ठेवावी. आणि शेवटचे पान निघून जाताच किल्ली पुसून टाकावी. किल्ली केवळ स्मृतीत असते, तबकडीवर कधीच जात नाही. ती पुसली की त्या खंडात उरलेला मजकूर म्हणजे अर्थहीन बिटांचा ढीग. यासाठी त्यांनी योजिलेली पद्धती रेइन्डाल ही होती. तीच त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या प्रमाण-संस्थेने निवडली आणि पुढे एईएस या नावाने जगभर झाली. कूटलेखनास लागणारा वेळ सह्य होता, कारण तबकडी ही मुळातच इतकी मंद की, पान तिच्यापर्यंत नेऊन आणण्यापुढे ते गुप्त करण्याचा खर्च किरकोळ ठरे.

या योजनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तिच्या गणितात नाही. या किल्लीस मालक नाही. ती कोणी लक्षात ठेवावयाची नाही, कोठे लिहून ठेवावयाची नाही, कोणास विचारावयाची नाही. यंत्र विझताच ती नाहीशी झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही, कारण स्वॅपमधील मजकूर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर कोणास नकोच असतो. म्हणूनच ही व्यवस्था वापरणाऱ्यास एक शब्दही न विचारता चालू करता येत होती. प्रारंभी ती ऐच्छिक होती. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास ओपनबीएसडीने ती अनुक्त केली. एका चलाचे मूल्य शून्याचे एक झाले, आणि बहुसंख्य वापरणाऱ्यांस ते कळलेही नाही. न कळणे हेच येथे यश होय.

संपूर्ण तबकडीच्या बाबतीत हे इतके सोपे नव्हते. तेथील मजकूर उद्या हवा असतो. म्हणून किल्ली उद्यापर्यंत टिकली पाहिजे. म्हणून ती कोणाच्या तरी स्मरणात किंवा कोणत्या तरी चिपेत राहिली पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यात कूटपद्धतींचा संच २००२ च्या अखेरीस मूळ झाडात आला, आणि क्रिस्टोफ साउट यांचे 'डीएम-क्रिप्ट' मार्च २००४ मधील २.६.४ या आवृत्तीत. सामग्री सिद्ध झाली होती. डेबियनच्या २००७ मधील आवृत्तीत स्थापनेच्या वेळीच तबकडी कूटबद्ध करण्याची सोय आली. पण ती मागावी लागे, आणि मागणारा चिन्हित होई. सर्वांच्या तबकड्या उघड्या असताना ज्याची बंद, तो सरहद्दीवर, कचेरीत किंवा चौकशीत 'काय लपविले आहे?' या प्रश्नास पात्र. सकळ लिपीतील पोथीची गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

ही कोंडी फुटली ती मेजावरील संगणकावर नव्हे, तर खिशातील फोनवर. अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर उभी असून तिचे मूळ लेखन उघड आहे. २०११ मधील ३.० या आवृत्तीत डीएम-क्रिप्टच्या आधाराने कूटलेखन ऐच्छिक स्वरूपात आले. पुढे १८ सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने जाहीर केले की, पुढील आवृत्तीत ते अनुक्त राहील. योगायोग असा की, अवघ्या तीन दिवसांपूर्वी, १५ सप्टेंबरला, याच कंपनीने दिल्लीत 'अँड्रॉइड वन' या स्वस्त फोनांची मालिका सुरू केली होती. सुमारे साडेसहा हजार रुपयांच्या या फोनांत मीडियाटेकचा जो प्रक्रियक होता त्याचे अंतरंग कॉर्टेक्स-ए७ जातीचे होते. आणि एईएस करण्यासाठी लागणाऱ्या खास आज्ञा त्या जातीत नाहीत. महाग प्रक्रियकास जे काम एका आज्ञेत करता येते ते या प्रक्रियकास अनेक लहान पायऱ्यांनी करावे लागे. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच कंपनीने एक वचन दिले आणि ते वचन पाळण्यास अशक्त असे यंत्रही दिले. यात कोणाचा कपटभाव होता असे मला वाटत नाही. पण अनुक्ताचा भार कोणावर पडतो हे त्या आठवड्याने दाखवून दिले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये ५.० ही आवृत्ती आली. तिच्याबरोबरचे नेक्सस ६ व नेक्सस ९ हे फोन व फलक कारखान्यातूनच कूटबद्ध होऊन आले. परीक्षकांनी लगेच दाखवून दिले की, नेक्सस ६ चे लेखन-वाचन त्यामुळे चांगलेच मंदावते. मग माघार झाली, आणि ती झाली एका क्रियापदाच्या द्वारे. उत्पादकांसाठी असलेल्या अँड्रॉइडच्या अनुरूपता-नियमांत 'केलेच पाहिजे' आणि 'करावे' यांसाठीचे इंग्रजी शब्द काटेकोर अर्थाने वापरले जातात. ते अर्थ मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ या लेखात निश्चित करून दिले आहेत. ५.० च्या नियमांत कूटलेखन मूळ स्थितीत चालू असण्याविषयी जे वाक्य होते त्यात सक्तीचे रूप न येता 'करावे' हे रूप आले, आणि पुढे हे सक्तीचे होईल अशी अपेक्षा तेवढी जोडण्यात आली. मार्च २०१५ मध्ये वृत्तपत्रांनी ही गोष्ट उजेडात आणली. मराठी व्याकरणकार विध्यर्थाचे आज्ञा, कर्तव्य, इच्छा, शक्यता असे प्रकार सांगतात, तेव्हा विद्यार्थ्यांस तो शुष्क वर्गीकरणाचा भाग वाटतो. येथे विध्यर्थाच्या छटेवर कोट्यवधी लोकांची खाजगी पत्रे अवलंबून होती.

याच आवृत्तीत आणखी एक विसंगती होती. फोन कूटबद्ध आहे, पण मालकाने कोणताच परवलीचा शब्द ठेवलेला नाही, तर किल्ली कशावर बेतावी? योजकांनी अशा वेळी एक ठरलेला शब्द वापरला. आणि तो शब्द होता 'डिफॉल्ट पासवर्ड' हाच! यंत्राच्या चिपेतील गुप्त मूल्याशी तो जोडलेला असल्याने तबकडीचा भाग उपसून नेणाऱ्यास त्याचा उपयोग नव्हता. पण फोनच ज्याच्या हाती पडला त्याच्यापुढे हे कूटलेखन नावापुरतेच होते. अनुक्ताच्या आत आणखी एक अनुक्त होते, आणि दुसऱ्याने पहिल्याचे बळ पुष्कळसे काढून घेतले होते.

ऑक्टोबर २०१५ मधील ६.० या आवृत्तीच्या नियमांत सक्ती आली, पण उंबरठ्यासह : ज्या यंत्रास एईएसचे काम सेकंदास ५० मेबीबाइटांहून अधिक वेगाने करता येते त्यासच ती लागू. उंबरठ्याखालचे फोन सुटले. म्हणजे गुप्तता ही यंत्राच्या वेगावर, आणि पर्यायाने किमतीवर, ठरली. २०१६ मधील ७.० या आवृत्तीने दुसरी अडचण दूर केली. संपूर्ण तबकडी एकाच किल्लीने बंद असली की, फोन रात्री आपोआप पुन्हा सुरू झाल्यास परवलीचा शब्द दिल्याशिवाय गजरही वाजत नसे. मायकेल हॅलक्रो व टेड त्सो यांनी लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-व्यवस्थेत केलेली कामगिरी जून २०१५ मधील ४.१ या आवृत्तीत आली होती. तिच्यामुळे प्रत्येक फाइल निराळ्या किल्लीने बंद करता येऊ लागली, आणि गजर, दूरध्वनी यांस लागणारा थोडा भाग वेगळा ठेवून बाकीचा मालक येईपर्यंत बंद ठेवणे शक्य झाले.

राहिले ते स्वस्त फोन. त्यांच्यासाठी एखादी हलकी कूटपद्धती हवी होती, आणि प्रथम जी पुढे आली ती 'स्पेक' ही अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली. गूगलच्या प्रोग्रामरांनी ती लिनक्सच्या गाभ्यात जून २०१८ मध्ये, ४.१७ या आवृत्तीत, आणली. यावर मोठा वाद झाला. तिच्यात दोष दाखविता आला नव्हता. पण जी संस्था दुसऱ्यांची पत्रे वाचण्यासाठीच आहे तिने केलेले कुलूप गरिबांच्या दारास लावावे काय, हा प्रश्न तिच्या दोषरहिततेने मिटणारा नव्हता. आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थेनेही त्याच वर्षी ती नाकारली होती. वर्ष संपण्यापूर्वी ४.२० या आवृत्तीतून स्पेक काढून टाकण्यात आली. मुक्तस्रोत पद्धतीचा गुण येथे दिसतो : हा निर्णय बंद दाराआड झाला असता तर तो फिरविण्याचे कारण कोणास पडले नसते.

स्पेकच्या जागी पॉल क्राउली व एरिक बिगर्स यांनी रचलेली 'एडियँटम' ही योजना आली. तिच्यात मुख्य भार एईएसवर न टाकता डॅनियल बर्नस्टाइन यांच्या चाचा या प्रवाह-पद्धतीवर टाकलेला आहे. निर्यातकायद्याशी भांडणारा तोच हा विद्यार्थी. चाचामध्ये बेरीज, फिरवणे व तुलनात्मक जोड एवढ्याच क्रिया असल्याने साध्या प्रक्रियकासही ती झेपते. कॉर्टेक्स-ए७ वर ती एईएसच्या रूढ योजनेहून सुमारे पाचपट वेगवान ठरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिची घोषणा झाली आणि मार्चमध्ये ती लिनक्स ५.० बरोबर गाभ्यात आली. एडियँटम हे एका नेच्याच्या जातीचे नाव. सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या दरडींवर उगवणारा हंसराज तो हाच. व्हिक्टोरियाकालीन फुलांच्या भाषेत तो प्रामाणिकपणाचा व अबोलपणाचा वाचक होता, म्हणून योजकांनी ते नाव घेतले. त्याच वर्षी अँड्रॉइड १० च्या नियमांत 'केलेच पाहिजे' हे रूप निरपवाद आले : नव्याने बाजारात येणारा प्रत्येक अनुरूप फोन, कितीही स्वस्त असो, कूटबद्धच असला पाहिजे. २०१४ च्या वचनास पाच वर्षे लागली.

शासनसंस्थांनी या बदलाचा अर्थ लवकर ओळखला. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी ब्रुकिंग्ज संस्थेतील भाषणात जी तक्रार केली ती कूटलेखनाविरुद्ध नव्हती, ते अनुक्त झाल्याविरुद्ध होती. कारण ऐच्छिक कूटलेखन सराईत माणूसच वापरतो, आणि तो संख्येने थोडा असतो. आपल्याकडे सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कूटलेखन-धोरणाच्या मसुद्यात नागरिकांनी आपल्या गुप्त संदेशांचा सरळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा अशी अपेक्षा होती. काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कूटलेखन ही कोणीतरी जाणीवपूर्वक केलेली कृती होती. ज्याच्या फोनने त्यास न विचारता सर्व काही गुप्त केले आहे त्याने नेमके काय जपावे, हे त्यात सांगता येण्यासारखे नव्हते.

तपासयंत्रणांचा आक्षेप हा एकच आक्षेप नव्हे. अनुक्त कूटलेखनात परवलीचा शब्द विसरलेल्याची छायाचित्रे आणि मृताची पत्रे त्याच्या वारसांस कायमची अंतरतात, आणि हे नुकसान ज्याने कधी काही मागितलेच नव्हते त्याचे होते. माझ्या मते हा आक्षेप तपासयंत्रणांच्या आक्षेपाहून वजनदार आहे. त्याचे पूर्ण उत्तर एडियँटमपाशी नाही, तसे ते प्रोव्होस यांच्या मालकहीन किल्लीपाशीही नव्हते. ओपनबीएसडीने स्वॅप न विचारता कूटबद्ध केले; परंतु संपूर्ण तबकडीच्या बाबतीत ती प्रणाली सावध राहिली. एप्रिल २०२३ मधील ७.३ या आवृत्तीत तिच्या स्थापना-कार्यक्रमात तबकडी कूटबद्ध करण्याची सुलभ सोय आली, ती प्रश्नाच्या रूपाने. तो प्रश्न पडद्यावर येतो. काही न टंकता पुढे गेल्यास त्याचे उत्तर 'नाही' असे धरले जाते.